डाईंग हाऊसमधली रसायनं: आत आलेला प्रत्येक किलो जातो कुठे?

शंभर किलो सुती कापड गडद निळ्या शेडमध्ये रंगवायचं आहे असं धरा. सॉफ्ट फ्लो मशीनमध्ये कापडाच्या आठपट, म्हणजे ८०० लिटर पाणी घेतलं. रिअ‍ॅक्टिव्ह रंग पाण्यातून सुटून धाग्यात शिरावा म्हणून लिटरला ६० ग्रॅम मीठ टाकलं, ते झालं ४८ किलो. रंगाने धाग्याला कायमचं धरावं म्हणून लिटरला १५ ग्रॅम सोडा अ‍ॅश, तो झाला १२ किलो. रंगाची पावडर चारेक किलो. लॉट उतरला तेव्हा कापडासोबत गेला तो रंगाचा ६० ते ८० टक्के भाग. मीठ सगळं, सोडा सगळा आणि उरलेला रंग पाण्यात राहिला.

धुलाई धरून या लॉटला ६,००० लिटर पाणी लागलं, तर त्यात साठ किलो क्षार विरघळलेले आहेत. ढोबळ हिशेबाने लिटरला १०,००० मिलिग्रॅम. वस्त्रोद्योगासाठी २०१६ साली जी सांडपाण्याची मानकं आली, त्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २,१०० मिलिग्रॅम आहे. हे क्षार ईटीपीतले (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेतले) जिवाणू खात नाहीत. चुना-फेरसच्या टाकीतही ते खाली बसत नाहीत. जेवढे आत गेले तेवढेच पलीकडून बाहेर येतात. मग आरओ लावा, आरओने नाकारलेलं पाणी इव्हॅपोरेटरमध्ये आटवा, आणि त्यासाठी बॉयलरला जळण घाला. तमिळनाडूतल्या तिरुपूरने हा रस्ता धरला तो नाइलाजाने. नोय्यल नदी खारट आणि रंगीत झाल्यावर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथले शेकडो डाईंग कारखाने बंद झाले होते.

आपल्याकडे इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी इथल्या प्रोसेस हाऊसमध्ये रसायनांचा विषय निघाला की बोलणं थेट ईटीपीवर येतं. ईटीपी हवाच. पण रसायनांची जबाबदारी त्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या चिठ्ठीवर सुरू होते. आत आलेला प्रत्येक किलो मुख्यतः चार वाटांनी बाहेर पडतो: कापडातून, पाण्यातून, हवेतून किंवा कामगाराच्या अंगातून. कोणता किलो कोणत्या वाटेने जातो हे ज्याला सांगता येतं, त्याच्या ताब्यात कारखाना आहे.

आधी यादी, मग बाकी सगळं

यादी म्हणजे स्टोअरचं स्टॉक रजिस्टर नव्हे. स्टॉक रजिस्टरमध्ये ‘वेटिंग ऑइल ३ ड्रम’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यावरून ड्रममध्ये काय आहे ते कळत नाही. यादीत प्रत्येक मालासमोर इतकं तरी हवं: विक्रीचं नाव, बनवणारी कंपनी, कशासाठी वापरतो, आतले मुख्य घटक आणि त्यांचे सीएएस क्रमांक, धोक्याचा प्रकार, जास्तीत जास्त किती साठा ठेवतो, ठेवण्याची जागा, आणि सुरक्षा माहितीपत्रकाची म्हणजे एसडीएसची तारीख.

ही यादी ऑफिसात बसून होत नाही. स्टोअरपासून सुरुवात करून सगळा कारखाना पायी फिरावा लागतो. जिन्याखाली, बॉयलरच्या मागे, लॅबच्या ओट्याखाली, मेंटेनन्सच्या कपाटात बघा. हमखास सुटतात त्या वस्तू ठरलेल्या आहेत: ईटीपीचं फेरस सल्फेट आणि पॉलिइलेक्ट्रोलाइट, आरओ धुण्याचं अ‍ॅसिड, बॉयलरच्या पाण्यात घालायची रसायनं, थिनर, जनरेटरचं डिझेल, ढेकूण-झुरळांचं औषध. शिवाय सेल्समननी ठेवून गेलेले नमुन्याचे डबे. दोन-तीन वर्षांत असे दहा-वीस डबे साठतात, निम्म्यांची लेबलं गळलेली असतात, आणि त्यांची विल्हेवाट लावायला विकत घेतलेल्या मालापेक्षा जास्त खर्च येतो. एसडीएस सोबत असेल आणि न वापरलेला माल परत नेण्याचं लेखी कबूल असेल तरच नमुना घ्या.

सीएएस क्रमांक हा रसायनाचा आधार क्रमांक समजा. विक्रीचं नाव कंपनीगणिक बदलतं, हा बदलत नाही. कॉस्टिक सोड्याचा १३१०-७३-२, हायड्रोजन पेरॉक्साइडचा ७७२२-८४-१, हायड्रोचा (सोडियम हायड्रोसल्फाइट) ७७७५-१४-६. यात एक तपासणी दडलेली आहे. शेवटचा आकडा सोडून बाकीचे आकडे उजवीकडून डावीकडे घ्यायचे, त्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ असं गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा एकम स्थानचा आकडा सीएएसच्या शेवटच्या आकड्याशी जुळला पाहिजे. कॉस्टिकचं बघा: ३×१, ७×२, ०×३, १×४, ३×५, १×६. बेरीज ४२, शेवटचा आकडा २. जुळलं. पुरवठादाराच्या कागदावरचा क्रमांक या गणितात बसत नसेल, तर तो कागद कुणीतरी घाईत टाइप केला आहे किंवा दुसऱ्या मालाचा उचलून चिकटवला आहे. दोन्ही वेळा तो परत पाठवायचा.

एसडीएसचे सोळा भाग असतात. सोळाही वाचायला वेळ नसेल तर डाईंग मास्टरने आणि स्टोअरकीपरने सहा वाचावेत. दुसरा भाग धोका काय ते सांगतो, तिसरा आत काय आहे ते, चौथा प्रथमोपचार, सातवा हाताळणी आणि साठवण, आठवा कोणते हातमोजे, कोणता मास्क, आणि दहावा कशासोबत ठेवायचं नाही ते. तिसऱ्या भागात नुसतं ‘गोपनीय मिश्रण’ लिहून घटकांची जागा कोरी असेल, आणि दुसऱ्या भागात मात्र धोक्याची चिन्हं छापलेली असतील, तर पुरवठादाराला फोन लावा. डोळ्यात उडालं तर डॉक्टरला काय सांगायचं, हे त्याच कोऱ्या जागेवर अवलंबून आहे.

हा कागद बहुतेक इंग्रजीत असतो आणि मशीनवरची माणसं मराठी, हिंदी, कन्नड किंवा ओडिया बोलणारी असतात. प्रत्येक मालाचं एक पानी पत्रक करा: वर धोक्याची चित्रं, खाली मराठी आणि हिंदीत पाच-सहा ओळी, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकमध्ये बंद करून त्या मालाच्या वर टांगलेलं. ऑडिटसाठी फाइलमध्ये ठेवलेला एसडीएस अपघाताच्या वेळी कुणाच्या हाती लागत नाही.

काय घ्यायचंच नाही

भारतात २६ मार्च १९९७ च्या अधिसूचनेने कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या अझो रंगांवर बंदी आली. युरोपात अशा अमाइनची तयार कापडातली मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम आहे. आज नावाजलेल्या कंपनीच्या रंगात हे सहसा सापडत नाही. धोका असतो तो बिलाशिवाय, सुट्या पिशवीत, ‘तोच रंग, निम्म्या भावात’ म्हणून येणाऱ्या मालात.

दुसरी वस्तू जास्त फसवी आहे, कारण ती रंगात नसून साबणात असते. नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट, व्यवहारात एनपीई. वेटिंग एजंट, डिटर्जंट, इमल्सिफायर यांत ते स्वस्त आणि गुणकारी म्हणून वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पाण्यात गेल्यावर त्याचे तुकडे होऊन नोनिलफिनॉल उरतं. ते लवकर नष्ट होत नाही आणि माशांच्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं. ३ फेब्रुवारी २०२१ पासून युरोपीय संघात धुतल्या जाणाऱ्या कापडी मालात ते वजनाच्या ०.०१ टक्के, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर तो माल बाजारात आणता येत नाही. सोलापूरचा टॉवेल निर्यात करणाऱ्याला हा आकडा पाठ हवा. याला पर्याय फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेटचा, आणि तो सहज मिळतो.

इथे दोन याद्यांतला फरक कळला पाहिजे. आरएसएल ही तयार कापडात काय किती चालेल त्याची यादी. एमआरएसएल ही कारखान्यात येणाऱ्या रसायनात काय मुद्दाम घातलेलं नसावं त्याची यादी. कापड धुऊन धुऊन पहिल्या परीक्षेत पास होऊ शकतं, कारण धुतलेलं सगळं नदीत गेलेलं असतं. पंचगंगेच्या काठच्या माणसाच्या दृष्टीने दुसरी यादी मोलाची आहे. २०११ साली काही मोठ्या कपडे कंपन्यांनी मिळून सुरू केलेल्या झेडडीएचसी (घातक रसायनांचं शून्य विसर्जन) उपक्रमाची एमआरएसएल आज बहुतेक खरेदीदार मागतात. पुरवठादाराचं प्रमाणपत्र आलं की तीन गोष्टी तपासा: मालाचं नाव तंतोतंत तेच आहे का, बनवणारी कंपनी तीच आहे का, आणि मुदत संपली आहे का. एका सॉफ्टनरचं प्रमाणपत्र त्याच कंपनीच्या दुसऱ्या सॉफ्टनरला लागू होत नाही.

बदलाची दुसरी जात अशी की बंदी नाही, तरी फायदा आहे. कापड उदासीन करायला अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड वापरतात. त्याचा सीओडी, म्हणजे पाण्यात गेल्यावर त्याच्या विघटनाला लागणारा ऑक्सिजन, किलोमागे साधारण १.०७ किलो. फॉर्मिक अ‍ॅसिडचा ०.३५. तेवढाच अल्क (अल्कली) मारायला फॉर्मिक वजनानेही कमी लागतं, त्यामुळे त्याच कामाचा सीओडी एक चतुर्थांशावर येतो. पण ८५ टक्के फॉर्मिक अंगावर पडलं तर अ‍ॅसेटिकपेक्षा वाईट भाजतं. म्हणून पंप किंवा बंद नळीने घ्यायची सोय असेल तरच हा बदल करा. मगाने ओतून घेणार असाल तर अ‍ॅसेटिकवरच राहा. ईटीपीचा भार कमी करण्यासाठी हेल्परचा हात पणाला लावायचा नसतो.

स्टोअरमध्ये कोण कुणाशेजारी

डाईंग हाऊसमधल्या मोठ्या अपघातांत बहुधा एखादंच दुर्मीळ विष कारण नसतं. रोजचे दोन माल एकत्र येतात आणि घात होतो.

हायड्रो सगळ्यांत आधी. व्हॅट रंगाला आणि पॉलिएस्टरच्या रिडक्शन क्लिअरिंगला (वरचा जादा रंग काढण्याच्या धुलाईला) लागणारी ही पांढरी पावडर कोरडी असेपर्यंत शांत असते. थोडीशी ओल लागली की आतून तापते, सल्फर डायऑक्साइड सोडते आणि पेट घेते. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखालचा ड्रम, ओल्या मगाने काढलेली पावडर, झाकण उघडं ठेवून रात्रपाळी संपवणं, ही तिची नेहमीची कारणं. आग लागली तर वाळू टाकून ती विझत नाही, कारण जळायला तिला बाहेरची हवा लागत नाही. बादलीभर पाण्याने ती भडकते. इलाज एकच, लांबून भरपूर पाण्याचा सतत मारा, आणि सगळी माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला. ते शक्य नसेल तर बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. म्हणून हायड्रो वेगळ्या, कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर पॅलेटवर, आणि तिचा मगही तिचाच. उरलेली रिकामी पिशवी कोपऱ्यात गुंडाळून न ठेवता मोकळ्या हवेत, भरपूर पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवा.

पेरॉक्साइड तिच्या उलट स्वभावाचं. ५० टक्क्यांचं एक लिटर पेरॉक्साइड पूर्ण फुटलं तर दोनशेच्या आसपास लिटर ऑक्सिजन सुटतो. म्हणून त्याच्या कॅनच्या झाकणाला हवा जायचं छिद्र असतं. ते चिकटपट्टीने बंद करणं म्हणजे कॅन फुटण्याची व्यवस्था करणं. गंज, तांबं, अल्क आणि ऊन यांनी ते फुटायला लागतं. लोखंडी मग वापरायचा नाही, आणि काढलेलं उरलं तर ते परत कॅनमध्ये ओतायचं नाही. मगाला लागलेला गंजाचा कण सगळ्या कॅनला पुरतो. सांडलं तर लाकडाचा भुसा किंवा कापसाचा वेस्ट टाकून पुसायचं नाही. ते भिजलेलं वेस्ट वाळता वाळता पेटतं, आणि कापड कारखान्यात वेस्ट तर पावलोपावली पडलेलं असतं. भरपूर पाणी मारून पातळ करा आणि ईटीपीच्या वाटेला सावकाश सोडा.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि कुठलंही अ‍ॅसिड भेटलं की क्लोरीन. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणजे वाकून काम करणाऱ्याच्या नाकाशी. दोघांच्या कॅनचा रंग सारखा, झाकण सारखं, आणि रात्रपाळीतला दिवा मंद, एवढं जमलं की झालं. अ‍ॅसिड आणि हायपो एका भिंतीच्या दोन बाजूंना ठेवा, एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत नव्हे. हायपो उन्हात आणि उष्णतेत ताकद गमावतं, म्हणून तीन महिन्यांचा साठा स्वस्तात घेण्यात फायदा नसतो. जमेल तिथे हायपो सोडून पेरॉक्साइडवर यावं हे उत्तम, कारण हायपोने पाण्यात क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगंही तयार होतात.

कॉस्टिकचे फ्लेक्स विरघळवताना नेहमी पाणी आधी, फ्लेक्स नंतर, थोडे थोडे, ढवळत. उलट केलं तर तळाशी थर बसतो, उकळतो आणि उसळून तोंडावर येतो. अ‍ॅल्युमिनियमची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली कॉस्टिकला वापरू नका. धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टेनलेस किंवा एचडीपीई (जाड प्लास्टिक) वापरा.

अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडबद्दल एक गोष्ट दुर्लक्षित राहते. शुद्ध अ‍ॅसेटिकचा ज्वलनबिंदू, म्हणजे ठिणगी मिळाली तर त्याची वाफ पेट घेते ते तापमान, चाळीस अंशांच्या आसपास आहे. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये तापमान त्याच्या वर जातं, म्हणजे त्या दिवसांत ते पेट्रोलच्या शिस्तीनेच हाताळायला हवं. ठिणगी नाही, वेल्डिंग नाही, उघडा ड्रम नाही.

द्रव मालाखाली बंधारा हवा. नियम सोपा: आतल्या सर्वांत मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढं आत मावलं पाहिजे. तीन मीटर बाय दोन मीटर जागेला १५ सेंटिमीटर उंचीचा कट्टा घातला की ९०० लिटरची सोय होते. दोनशे लिटरच्या आठ ड्रमना ती आरामात पुरते. त्या कट्ट्याला पावसाच्या नाल्याकडे जाणारं भोक ठेवू नका. अ‍ॅसिड आणि हायपोला एकच बंधारा केलात तर दोन्ही ड्रम गळाल्यावर तोच क्लोरीनची टाकी होतो.

तोलणं, ओतणं, श्वास घेणं

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची बारीक पूड श्वासातून जात राहिली तर काही कामगारांना दमा जडतो. एकदा शरीर त्या रंगाला चिडकं झालं की पुढे चिमूटभर पुडीनेही धाप लागते, आणि त्या माणसाला त्या कामावरून कायमचं हलवावं लागतं. म्हणून रंग तोलण्याची जागा वेगळी, बंद, धूळ ओढणाऱ्या हुडखाली. पंखा लावणं हा उपाय नाही, पंखा पूड सगळ्यांच्या नाकात वाटतो. सांडलेला रंग झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा. पाळी बदलताना ज्याच्या छातीत घरघर होते किंवा सुट्टीच्या दिवशी ज्याला बरं वाटतं, त्याला डॉक्टरकडे पाठवा. ही खूण मास्टरला ओळखता आली पाहिजे.

मास्कच्या बाबतीत गल्लत फार होते. एन-९५ किंवा एफएफपी-२ धूळ अडवतो, वायू अडवत नाही. क्लोरीन, सल्फर डायऑक्साइड, अ‍ॅसेटिकची वाफ यांना वेगवेगळ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. कार्ट्रिजचं पाकीट उघडलं की तिचं आयुष्य सुरू होतं, खुंटीला टांगून ठेवलेली उघडी कार्ट्रिज न वापरताही संपते. आणि हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर कुठलीही कार्ट्रिज उपयोगाची नाही.

डोळे धुण्याची जागा रसायनापासून दहा सेकंदांच्या चालीवर असावी, वाटेत पायरी नको, दार नको. डोळ्यात कॉस्टिक गेलं तर निदान पंधरा मिनिटं सलग पाणी, पापण्या बोटांनी उघड्या धरून, आणि मगच रुग्णालय. लिंबू, व्हिनेगर असलं काही डोळ्यात घालायचं नाही. दर आठवड्याला नळ सोडून गंजाचं पाणी काढून टाका. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी किती गरम येतं तेही हात लावून बघा. ज्या पाण्याखाली हात धरवत नाही त्याखाली डोळा धरला जाणार नाही. टाकीला सावली करा.

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत रसायन काढून ठेवणं पूर्ण बंद. अगदी पाच मिनिटांसाठीही. छोट्या भांड्यात काढलं तर त्यावर नाव आणि धोक्याचं चित्र असलंच पाहिजे.

महिन्याचा ताळा

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. त्याला मशीन लागत नाही, सल्लागार लागत नाही.

पेरॉक्साइड घेऊ. महिन्याच्या सुरुवातीला साठा ४०० किलो, खरेदी २,००० किलो, महिनाअखेर शिल्लक ३५० किलो. म्हणजे २,०५० किलो वापरलं. आता त्या महिन्यातल्या सगळ्या लॉटच्या रेसिपी कार्डांवरची बेरीज करा. ती आली १,८२० किलो. मधले २३० किलो, वापराच्या अकरा टक्के, कुठे गेले?

उत्तरं ठरलेली असतात. मगाने मोजणं: ‘एक मग म्हणजे एक किलो’ हे पाण्याला साधारण खरं, पेरॉक्साइडला नाही, कारण ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड पाण्यापेक्षा सुमारे वीस टक्के जड असतं. शेड जुळली नाही म्हणून दुसऱ्यांदा घातलेलं, पण कार्डावर न लिहिलेलं. कॅनच्या तळाशी राहिलेलं आणि तसंच भंगारात गेलेलं. सांडलेलं. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी सापडल्या की पैसे लगेच वाचतात, आणि मालकाला हा विषय तिथेच पटतो. कॉस्टिक, सोडा, मीठ, हायड्रो, अ‍ॅसेटिक, पेरॉक्साइड आणि सॉफ्टनर, एवढ्यांचा ताळा दर महिन्याला घ्या. फरक पाच टक्क्यांच्या आत येईपर्यंत सोडू नका. रंगांचा ताळा तिमाहीला चालेल.

याच ताळ्यातून ईटीपीच्या तक्रारींचं मूळही मिळतं. जिवाणूंची टाकी अचानक मेली, फेस आला, तर त्या दोन दिवसांत काय जास्त उचललं गेलं ते बघा. उरलेलं पेरॉक्साइड किंवा हायपो थेट सोडलं असेल तर जिवाणू मरणारच. ब्लीचिंगनंतर उरलेलं पेरॉक्साइड मारायला कॅटालेज एन्झाइम वापरलं तर एक-दोन धुण्या वाचतात आणि ईटीपीही सुखी राहतो.

रिकामा ड्रम रिकामा नसतो

दोनशे लिटरचा ड्रम उपडा केला तरी दोनेक लिटर आत चिकटून राहतं. तो साठ लिटर पाण्याने एकदाच धुतला आणि पुन्हा दोन लिटर आत राहिलं, तर मूळ मालाचा एकतिसावा भाग उरतो. तेच साठ लिटर वीस-वीसच्या तीन धुण्यांत वापरलं तर उरतो एक हजार तीनशे एकतिसावा. पाणी तेवढंच, काम चाळीसपटींहून जास्त. ते धुण्याचं पाणी फेकू नका, त्याच मालाच्या पुढच्या लॉटमध्ये घ्या. हायड्रोच्या ड्रमला मात्र ही रीत लावायची नाही, त्याचं आधी सांगितलं आहे.

घातक रसायनाचे ड्रम कायद्यात घातक कचऱ्यात मोडतात. ते अधिकृत पुनर्वापरकर्त्याला द्यायचे. चौकातल्या भंगारवाल्याला दिलेला ड्रम कापून कुणाच्या तरी दारात पाण्याचं पिंप होऊन उभा राहतो, आणि त्यात काय होतं हे त्या घरात कुणालाच माहीत नसतं. निळा, सुबक, झाकणाचा ड्रम असेल तर त्याची शक्यता जास्त, म्हणून देण्याआधी भोक पाडा.

ईटीपीचा गाळही घातक कचराच. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त ९० दिवस साठवता येतो, छपराखाली, पाणी न झिरपणाऱ्या फरशीवर, लेबल लावून. मग फॉर्म १० च्या मॅनिफेस्टसह (मालासोबत जाणाऱ्या वाहतूक-नोंदीसह) तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरी इथल्या सामायिक विल्हेवाट केंद्राकडे. नोंदवही फॉर्म ३ मध्ये, वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये. मॅनिफेस्टची प्रत परत आली का ते बघत जा. टँकर किंवा ट्रक दारातून गेला म्हणजे जबाबदारी गेली असं होत नाही. ६ जानेवारी २०२२ रोजी सुरतच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरने नाल्यात रसायन सोडलं. त्यातून उठलेल्या विषारी वायूने शेजारच्या कापड मिलमधले सहा कामगार गेले. त्या रसायनाशी त्या मिलचा काही संबंध नव्हता.

टाकीत उतरण्याआधी

सल्फर रंगासाठी सोडियम सल्फाइड वापरलं जातं. त्याचं सांडपाणी आणि अ‍ॅसिडचं सांडपाणी ईटीपीच्या एकत्रीकरण टाकीत (जिथे सगळं सांडपाणी आधी मिसळतं) भेटलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. साचलेल्या गाळातही तो आपोआप तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला असं समजणारा माणूस तिथेच पडतो. सल्फाइडचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या, अल्क राखूनच त्याचं ऑक्सिडेशन करा, आणि मग मुख्य प्रवाहात सोडा.

गाळ काढायला टाकीत उतरायचं असेल तर आधी आत येणारे पंप बंद करून त्यांच्या स्विचला कुलूप लावा. किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात. ब्लोअरने हवा खेळवा. मीटर दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी मोजा, कारण हा वायू खाली बसतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांमध्ये हवा, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खूप खाली, आणि ज्वालाग्राही वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी. गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो, म्हणून मीटर आतल्या माणसाच्या छातीवर चालूच राहिला पाहिजे. आतल्याच्या अंगात हार्नेस, वर तिपाईवर विंच, आणि तोंडाशी एक माणूस, ज्याला दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही.

तोंडाशी उभा असलेला माणूस आत उतरायचा नाही, आतला कोसळला तरी नाही. अशा टाक्यांत पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि दुसऱ्याला काढायला तिसरा. विंच फिरवायची, ओरडून मदत बोलवायची, आणि स्वतःची हवा पाठीवर घेतलेला बचावपथकाचा माणूस येईपर्यंत इतर कुणालाही आत जाऊ द्यायचं नाही. हे ज्याला सांगायचं त्याला काम सुरू होण्याआधी, त्याच टाकीपाशी उभं करून सांगा आणि विंच एकदा त्याच्याच हातून रिकामी फिरवून घ्या.